नोकरी आणि लहान मूल: नुसतं 'काही लागलं तर सांग' पुरत नाही, नीट मागायचं कसं आणि नीट द्यायचं कसं

बाळ झाल्यावर ऑफिसात परत येणाऱ्या माणसाशी पहिल्या दिवशी सगळेच छान बोलतात. 'काही लागलं तर सांग हां', 'घर आधी, काम नंतर' वगैरे. आणि मनापासून बोलतात, त्यात काही खोट नसते. पण त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी साडेपाचची मीटिंग लागते, पाळणाघर सहाला बंद होतं, आणि मग त्या 'सांग हां'चं नक्की काय करायचं ते कुणालाच कळत नाही. सांगायचं तर कसं, कुणाला, आणि सांगितलं तर समोरचा काय समजेल, असा विचार करत करत ती व्यक्ती पाच वाजून पन्नास मिनिटांनी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून पळत सुटते.

मी स्वतः आई आहे आणि टीमही सांभाळते, म्हणजे हे दोन्ही बाजूंनी रोज बघते. माझं यावर एकच म्हणणं आहे, की समजून घेणं हे कॅलेंडरवर, रोस्टरवर, अप्रेजलच्या फॉर्मवर दिसलं पाहिजे. तिथे दिसत नसेल तर ते फक्त चांगलं बोलणं झालं. आणि हे दिसायला हवं असेल तर मागणाऱ्याने नेमकं मागायला हवं आणि देणाऱ्याने नेमकं द्यायला हवं. खाली जे लिहितेय ते सगळं त्याच अंगाने आहे.

आधी घरात बोला, मग ऑफिसात

सगळ्यात आधी जोडीदाराबरोबर बसा, आणि सुट्टी सुरू व्हायच्या आधी बसा, कारण बाळ आल्यावर दोघांचीही झोप झालेली नसते आणि तेव्हा वाटणी होत नाही, भांडण होतं. पहिला प्रश्न हा घ्या: पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर कुणाचा? ऐकायला छोटी गोष्ट वाटते, पण ज्याचा नंबर पहिला त्याचीच मीटिंग मोडते, दर वेळी. बऱ्याच घरात न विचारताच आईचा नंबर जातो. त्यापेक्षा दिवस वाटून घ्या, सोमवार ते बुधवार एकाने, गुरुवार-शुक्रवार दुसऱ्याने, आणि पाळणाघराला तसं लिहून द्या.

दुसरं म्हणजे कामं वाटताना फक्त 'करणं' वाटू नका, 'लक्षात ठेवणं' पण वाटा. लसीची तारीख कुणाच्या डोक्यात आहे, डायपरचा साइज बदलायची वेळ आली हे कुणाला कळतं, डॉक्टरांची अपॉइंटमेंट कोण घेतं. एकाने सगळं लक्षात ठेवायचं आणि दुसऱ्याने 'सांग ना, मी करतो' म्हणायचं, यात पहिल्याचा भार काडीचाही कमी होत नाही. लसीकरण तुझ्याकडे असेल तर पूर्ण तुझ्याकडे, म्हणजे तारीख बघणं, ऑफिसातून हाफ डे घेणं, फाइल सोबत नेणं, रात्री ताप आला तर उठणं, सगळं. मग दुसऱ्याने मध्ये सूचना द्यायच्या नाहीत. हे जरा अवघड जातं पण जमलं की डोकं खरंच हलकं होतं.

एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना ही वाटणी करता येत नाही, म्हणून त्यांनी घराबाहेरच्या दोन-तीन माणसांची नावं आत्ताच पक्की करावीत (शेजारी, बहीण, मित्र, कुणीही) आणि त्यांना स्पष्ट विचारावं की 'अडचणीला तासभर बाळाला घेऊ शकशील का, कोणत्या वारी शक्य आहे'. बहुतेक लोक नेमकं विचारलं की हो म्हणतात.

बॉसशी बोलताना

'मला थोडं ॲडजस्ट करून घ्या' असं म्हणू नका. समोरच्याला कळतच नाही की म्हणजे काय, आणि मग तो स्वतःच्या मनाने काहीतरी ठरवतो, उदाहरणार्थ तुम्हाला चांगल्या प्रोजेक्टमधून काढूनच टाकतो, आणि त्याला वाटतं की आपण मदत केली. त्यापेक्षा चार गोष्टी सांगा: अडचण काय, तुम्ही काय सुचवताय, काम कसं पूर्ण होईल, आणि किती दिवसांनी परत बघायचं. मेसेज असा असू शकतो:

'मला पाळणाघरातून बाळाला सहापर्यंत घ्यावं लागतं, म्हणून सोमवार ते बुधवार मी साडेपाचला निघेन. सकाळी साडेआठला सुरू करेन, त्यामुळे तास तेवढेच राहतील. रोजचा रिपोर्ट पाच वाजेपर्यंत जाईल. निघाल्यावर खरंच अर्जंट असेल तर फोन करा, मेसेज मी रात्री साडेआठनंतर बघेन. हे तीन महिने करून बघू आणि मग बसून ठरवू.'

यात माफी कुठेच नाही हे बघा. 'सॉरी पण', 'त्रास देतेय', 'शक्य असेल तर प्लीज' हे सगळं काढून टाका. तुम्ही काम कसं होईल ते सांगताय, उपकार मागत नाही आहात. आणि तोंडी बोलणं झालं तरी नंतर दोन ओळींचा मेल टाकाच, कारण बॉस बदलतात आणि नवीन माणसाला जुनं तोंडी ठरलेलं माहीत नसतं.

रजेवर जायच्या आधी हँडओव्हर करताना एक गोष्ट हमखास राहते. कामं कुणाकडे गेली ते आपण लिहितो, पण परत आल्यावर कोणती आपल्याकडे परत येणार ते लिहीत नाही. ते लिहा. नाहीतर चांगलं काम दुसऱ्याकडेच राहतं, त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, फक्त कुणी ठरवलेलंच नसतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार आहे, क्रमांक १८३, त्यात किमान १४ आठवड्यांची रजा, परत आल्यावर तीच किंवा तेवढ्याच पगाराची समान जागा, आणि बाळाला पाजण्यासाठी कामाच्या वेळेतला पगारी ब्रेक असं सगळं आहे. प्रत्येक देशाने तो स्वीकारलेला नाही आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे, म्हणून आपल्याकडचा कायदा आणि कंपनीची पॉलिसी एचआरकडून लेखी मागवा, रजा सुरू व्हायच्या आधीच. नंतर विचारायची ताकद राहत नाही.

रजेत असताना ऑफिसने संपर्क करायचा का हेही आधीच ठरवा. काहींना महिन्यातून एक फोन बरा वाटतो, टीममध्ये काय चाललंय ते कळतं, काहींना अजिबात नको असतं. दोन्ही ठीक आहे. फक्त ते तुम्ही ठरवलेलं असावं.

परत येतानाचे पहिले काही आठवडे

शक्य असेल तर सोमवारी जॉइन होऊ नका, बुधवारी किंवा गुरुवारी व्हा. दोन-तीन दिवसांनी लगेच वीकेंड येतो, काय चुकतंय ते कळतं आणि श्वास घेता येतो. पाळणाघर त्याच्या निदान दोन आठवडे आधी सुरू करा, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस, असं वाढवत. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बऱ्याच बाळांना आई-बाबा नजरेआड झाले की खूप रडू यायला लागतं, हे वाढीचं नॉर्मल लक्षण आहे, आणि नेमकं बऱ्याच जणांची रजा त्याच सुमाराला संपते. मग दारात बाळ रडतं आणि आपण दिवसभर त्या रडण्याचाच विचार करत बसतो. निरोप घेताना लपून पळू नका, बाळाला सांगा 'मी जाते, झोप झाली की येते', आणि मग थांबू नका, निघा. दहा मिनिटांनी पाळणाघरातून एक मेसेज मागा. बहुतेक वेळा बाळ तोपर्यंत खेळत असतं.

आजारपणाची तयारी ठेवा, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे आणि हे कुणी आधी सांगत नाही. लहान मुलांना पहिल्या दोन वर्षांत वर्षाला आठ-दहा वेळा सर्दी होणं हे डॉक्टरांच्या दृष्टीने अगदी नेहमीचं आहे, आणि पाळणाघर नवीन असताना तर एक बरं होतंय तोवर दुसरं सुरू. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत सुट्ट्या फिरण्यावर उडवू नका, राखून ठेवा. आणि बॉसला आधीच सांगून ठेवा की पुढचे काही महिने असे फोन येतील, त्या दिवशी माझं काम कुठे ठेवलंय ते या फोल्डरमध्ये बघा. हे आधी सांगितलं की नंतर प्रत्येक तापाला नव्याने खुलासा करावा लागत नाही.

दूध पाजणाऱ्या आयांसाठी थोडं सविस्तर, कारण यात अर्धवट माहिती फार फिरते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त असं सांगते. म्हणजे कामावर परत आल्यावरही दूध सुरू असणं ही अगदी साधी, अपेक्षित गोष्ट आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ऑफिसात साधारण दर तीन तासांनी पंप करावं लागतं आणि सगळं धरून वीस-पंचवीस मिनिटं जातात. ही वेळ कॅलेंडरवर ब्लॉक करा, 'बिझी' एवढंच लिहिलं तरी पुरे. नुकतं काढलेलं दूध पंचवीस डिग्रीपर्यंतच्या खोलीत चार तास राहतं, फ्रिजमध्ये चार दिवस, बर्फाचे पॅक घातलेल्या बॅगेत चोवीस तास, फ्रीझरमध्ये साधारण सहा महिने चांगलं राहतं. खोली त्याहून गरम असेल तर लगेच थंड जागी ठेवा. एकदा फ्रीझरमधलं दूध फ्रिजमध्ये पूर्ण वितळलं की चोवीस तासांत वापरायचं आणि परत गोठवायचं नाही. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा, स्टिकर नसेल तर साधी चिकटपट्टी आणि पेन चालतं.

आणि ऑफिसवाल्यांसाठी: बाथरूम ही दूध काढायची जागा नाही. आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, प्लग पॉइंट, छोटं टेबल, जवळपास हात धुवायची सोय आणि फ्रिज, एवढंच लागतं. छोटी मीटिंग रूम रोज ठरलेल्या वेळी बुक करून ठेवली तरी काम होतं. फक्त ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याकडे जाऊन रोज मागायला लागेल असं करू नका. तीन दिवसांत कुणीही मागणं सोडून देईल.

बाबांनी रजा घ्या, आणि पूर्ण घ्या

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं, त्यांच्या संशोधनात हे ठळकपणे येतं की स्त्री-पुरुषांच्या कमाईतला आजचा बराचसा फरक पहिलं मूल झाल्यावर सुरू होतो, आणि तोही एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांमध्ये. म्हणजे शिक्षण सारखं, सुरुवात सारखी, आणि मग बाळ येतं आणि एकाचंच करिअर वळण घेतं. यावर एकट्या बाईने वेळेचं कितीही भारी नियोजन केलं तरी पुरत नाही.

स्वीडनने १९७४ मध्ये पालकत्वाची रजा आई-वडील दोघांसाठी खुली केली, पण नुसती खुली केल्याने वडील फारसे रजेवर जात नव्हते. नॉर्वेने १९९३ मध्ये वेगळं केलं, रजेचे काही आठवडे फक्त वडिलांसाठी ठेवले, नाही घेतले तर ते बुडणार. त्यानंतर तिथे वडिलांनी रजा घेणं ही काही वर्षांतच नेहमीची गोष्ट झाली. यातून ऑफिसांनी घ्यायचं ते हेच, की 'हवी असेल तर घे' म्हटलं की पुरुष घेत नाहीत, कारण आजूबाजूला कुणीच घेत नसतं. मॅनेजरने स्वतः विचारावं, 'तुझी रजा कधीपासून टाकतोयस, तारखा दे, मी प्लॅन करतो.' या एका वाक्याने फार फरक पडतो. आणि एखाद्या सीनियर माणसाने स्वतः ती रजा घेतली, तर मग खालच्या कुणालाच विचार करावा लागत नाही.

बाबा लोकांनो, रजा घेतल्यावर निदान काही दिवस बाळाबरोबर एकटे राहा. आई घरात असताना तुम्ही मदतनीस असता. ती नसताना कळतं की भुकेचं रडणं कोणतं आणि झोपेचं कोणतं, आणि ते एकदा कळलं की पुढची कित्येक वर्षं कामाला येतं.

टीम सांभाळणाऱ्यांसाठी

गृहीत धरू नका, विचारा. 'तिचं बाळ लहान आहे, तिला बाहेरगावचं काम नको देऊ' हा निर्णय तुमचा नाही. कदाचित तिला नको असेल, कदाचित हवंच असेल. 'हे काम आलंय, दोन रात्री बाहेर राहावं लागेल, तुला कसं वाटतं, शुक्रवारपर्यंत सांग' एवढं म्हणा. नाही म्हणाली तर पुढच्या वेळी परत विचारा. एकदाच्या नकाराचा कायमचा शिक्का होऊ देऊ नका.

मीटिंगा दहा ते चारच्या मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. सगळ्या जमणार नाहीत, पण ज्या रिपीट होणाऱ्या आहेत त्या तरी नक्की जमतात, आणि खरा त्रास त्यांचाच असतो. उशिरा मीटिंग घ्यावीच लागली तर ती रेकॉर्ड करा आणि निर्णय लेखी टाका, म्हणजे जो माणूस निघून गेलाय तो दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या बरोबरीला येईल.

कुणी सांगितलं की मुलाला ताप आलाय, पाळणाघरातून फोन आलाय, तर त्या क्षणी काय बोलायचं हे आधीच डोक्यात असू द्या. 'अरे बापरे, बरं, मग दोनच्या मीटिंगचं काय करायचं?' असं विचारलं की समोरच्याला घरी जाण्याआधी तुमचाही प्रश्न सोडवावा लागतो. त्याऐवजी: 'तू निघ. दोनची मीटिंग मी घेतो. रात्री लॅपटॉप उघडू नकोस, उद्या सकाळी बोलू.' पंधरा सेकंदांचं बोलणं आहे, पण माणूस ते वर्षानुवर्षं विसरत नाही.

अप्रेजलमध्ये रजेचे महिने कामगिरीत मोजू नका. वर्षातले सहाच महिने काम केलं असेल तर सहा महिन्यांचंच टार्गेट लावा, बारा महिन्यांचं टार्गेट ठेवून 'अर्धंच झालं' म्हणणं हा सरळ अन्याय आहे. आणि कोण किती वाजेपर्यंत बसलं हे बघणं सोडा, काय पूर्ण झालं ते बघा.

आता ज्याबद्दल फारसं कुणी मोकळेपणाने बोलत नाही ते. एखाद्याच्या रजेचं काम न विचारता टीममधल्या मुलं नसलेल्या लोकांवर टाकलं जातं, कारण 'तुला काय, तू मोकळाच आहेस'. हे अगदी चुकीचं आहे आणि त्यातून पालकांबद्दल मनात अढी बसते, जी पालकांनी निर्माण केलेली नसतेच. सहा महिन्यांची रजा येणार हे कित्येक महिने आधी माहीत असतं, तेव्हा बदली माणूस मागा, नाही मिळाला तर काही कामं सरळ पुढे ढकला आणि वर तसं कळवा. ज्याने जास्तीचं काम उचललं त्याचं नाव अप्रेजलमध्ये लिहा. आणि वेळेची मोकळीक फक्त आई-बाबांना नको, ज्याच्या घरी आजारी वडील आहेत त्यालाही तीच हवी. श्रम संघटनेचा १९८१ चा १५६ क्रमांकाचा करार आहे कुटुंबाची जबाबदारी असलेल्या कामगारांसाठी, त्यात मुलांबरोबरच ज्यांना आधाराची गरज आहे अशा घरातल्या जवळच्या इतर माणसांचाही उल्लेख आहे, आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. नियम सगळ्यांसाठी एकच ठेवला की कुणी कुणाकडे वाकड्या नजरेने बघत नाही.

मन ठीक नसेल तर

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत निवळतं. त्याहून जास्त टिकलं, झोपायला मिळूनही झोप येत नाही, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, किंवा स्वतःला संपवावं असे विचार येतात, तर थांबू नका, डॉक्टरांना सांगा. असे विचार येत असतील तर त्याच दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार नुकतंच बाळंतपण झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, सामोरं जावं लागतं. म्हणजे प्रत्येक आठ जणींत जवळपास एक. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. वडिलांनाही हे होऊ शकतं, त्यांना तर कुणी विचारतही नाही.

सहकाऱ्यांनी डॉक्टर व्हायची गरज नाही. 'बाळ कसं आहे?' हे सगळेच विचारतात, तुम्ही 'तू कशी आहेस, झोप होतेय का?' असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका, मध्येच 'आमच्या वेळी तर' सुरू करू नका. मॅनेजर असाल तर रजा कशी मिळेल, कंपनीकडून समुपदेशनाची सोय असेल तर ती कुठे, हे सांगा, आणि कळलेली गोष्ट स्वतःजवळच ठेवा.

आणि दर तीन महिन्यांनी परत बसा

सहा महिन्यांच्या बाळासाठी ठरवलेलं वेळापत्रक दीड वर्षाच्या मुलाला चालत नाही, आणि शाळा सुरू झाली की तर सगळंच बदलतं, सुट्ट्या जास्त, शाळा लवकर सुटते, आणि पालक-सभा नेमक्या कामाच्या वेळेत. म्हणून बॉसबरोबर आणि जोडीदाराबरोबर, दोघांबरोबर, दर तीन महिन्यांनी अर्ध्या तासाची बैठक आत्ताच कॅलेंडरवर टाका. विचारायचे प्रश्न तीनच: काय नीट चाललंय, काय ताणलं जातंय, आणि आता कोणती सवलत लागत नाही. तिसरा प्रश्न नक्की विचारा, कारण जे लागत नाही ते तुम्ही स्वतःहून परत केलं की पुढच्या वेळी नवीन काही मागताना समोरच्याचा विश्वास आधीच तयार असतो. बॉसबरोबरच्या बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींत मेल करून ठेवा, आणि पाळणाघराच्या फॉर्मवरचे वार बदलले असतील तर तिथेही कळवा.